गोल भिंत आणि सहा मीटर दोरी

मी एक जुनी भिंत आहे, मित्रांनो, पण सरळ नाही. जालन्यातल्या एका लहानशा चर्चच्या पूर्व टोकाला मी घोड्याच्या नालासारखी वळते. काळा दगड आणि चुना यांनी मला बांधलं. माझ्या कुशीत उभं राहून कुणी हळू बोललं, तरी शेवटच्या बाकावर ऐकू जायचं. लोक माझं कौतुक करायचे. पुढे दुसरीकडे मोठं चर्च झालं आणि इथे महिन्यातून एकदाच प्रार्थना होऊ लागली. माझ्या खिडकीची काच फुटली, तिच्यावर पत्रा ठोकला गेला. त्याला खिळ्याचं एक भोक राहिलं, ज्वारीच्या दाण्याएवढं.

टेप घेऊन येणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. एकाने घंटा मोजली. आठवड्यात घंटा गेली. दुसऱ्याने बाकं मोजली. आता निम्मीच उरली आहेत. म्हणून गेल्या जानेवारीत अक्षताबाई टेप घेऊन आल्या तेव्हा मी सावध झाले.

अक्षताबाई हसनाबादला शाळेत विज्ञान शिकवतात. सूर्य जानेवारीत आपल्या सर्वांत जवळ असतो आणि जुलैत सर्वांत लांब, असं त्यांनी वर्गात सांगितलं तेव्हा मुलं हसली. जवळ असतो तर थंडी कशी? थंडी उन्हाच्या तिरपेपणामुळे पडते, हे उत्तर मुलांना पटलं नाही. तेव्हा बाईंनी शब्द दिला, “मोजून दाखवीन.” त्यासाठी त्यांना अंधारी जागा आणि बारीक भोक हवं होतं.

त्यांनी भोकापासून सहा मीटर दोरी ताणली, टोकाशी पांढरा पुठ्ठा धरला. पुठ्ठ्यावर सूर्याचं गोल बिंब पडलं. त्यांनी त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली, तेवढ्यात राखणदार कचरूमामा आले.

“काय मोजून राह्यल्या, बाई?”

“सूर्य, मामा.”

“सूर्य? छताखाली?”

आमच्याकडे रिकाम्या जुन्या इमारतीत दोरी ताणणारा माणूस दिसला, की लोकांना एकच गोष्ट सुचते: गुप्तधन. मामांनी पुठ्ठा काढून घेतला आणि आपल्या पेटीत कुलूपबंद केला.

“सांभाळून ठेवा,” बाई म्हणाल्या. “जुलैच्या चार तारखेला मला परत यायचंय.”

त्यामुळे तर संशय दुप्पट झाला. माझाही.

“तारीख ठरलेली हाय, म्हंजे टोळी असंल,” मामा म्हणाले.

त्यांच्या बायकोने, साळूबाईंनी, चर्चच्या दारात झाडता झाडता उत्तर दिलं, “इथं सोनं असतं, तर तुमी तीस वर्षं ही किल्ली सांभाळत बसले असते का?”

मामांना ते झोंबलं. बाईंचा बेत मोडायला त्यांनी चार जुलैलाच खिडकी विटांनी बुजवायला गवंडी बोलावला. तो दहाला येणार होता. बाई साडेसातला आल्या. आभाळ भरलेलं होतं.

“तो पुठ्ठा आणा, मामा. आणि दोरी तुम्हीच धरा. मी हात लावणार नाही.”

मामांना हे बिलकुल अपेक्षित नव्हतं. त्यांनी पेटी उघडली. दोरी तेवढीच आहे का, हे टेपने दोनदा मोजलं. मग दोघं ढग सरकायची वाट पाहू लागले.

“हीच भिंत कामून पायजे तुमाला?” मामांनी विचारलं.

“भोक हिच्यातच आहे म्हणून. पण गंमत बघा. चर्चच्या अशा गोल भागाला ॲप्स म्हणतात. आणि ग्रहाच्या वाटेवरच्या, सूर्यापासून सर्वांत जवळच्या किंवा सर्वांत लांबच्या जागेला ॲप्सिस. मूळ ग्रीक शब्द एकच. अर्थ कमान, किंवा चाकाची गोल कड.”

“आभाळातलं नाव भिंतीला? काहीतरी काळंबेरं हाय,” मामा पुटपुटले.

इतक्या वर्षांत माझं नाव मला कुणी सांगितलं नव्हतं. गोड बोलून काय न्यायचंय हिला, असंच मला वाटलं.

पावणेदहाला ऊन पडलं. जानेवारीत बिंब उजवीकडच्या बाकांवर पडलं होतं, आता डावीकडे. मामांनी दोरी ताणून जुना पुठ्ठा धरला. बिंब पेन्सिलच्या गोलात बसलं, पण भरलं नाही. चहूबाजूंनी नखाच्या कडेएवढी जागा उरली.

“ल्हान झालाय,” मामा म्हणाले. त्यांनी दोरी आणखी ताणली, पुठ्ठा सरळ केला. फरक तसाच राहिला.

“पन्नास लाख किलोमीटर लांब गेलाय,” बाई म्हणाल्या. “पुठ्ठा माझ्याकडे असता, तर मुलं म्हणाली असती, बाईंनी गोल मागाहून काढला.”

दारात गवंडी उभा होता. मामांनी त्याला थांबायची खूण केली.

“जानेवारीत पुन्हा मोठा हुईल? बराबर?”

“होईल.”

“मंग मी बघनार. तुमच्या बोलन्यावर न्हाई जानार.” आणि गवंड्याकडे वळून ते म्हणाले, “तू जा रे. सध्या न्हाई.”

मित्रांनो, संशय घ्या. मी अजूनही घेते. घंटा गेली तेव्हा कुणी घेतला असता, तर बरं झालं असतं. पण संशय आला, की आधी दोरीचं एक टोक आपल्या हातात धरून पाहा. खिडकी काय, नंतरही बुजवता येते.