बगळेकाकांचा हात

बगळेकाकांचा आवाज लुबर्टचा होता आणि हात माझा. संध्याकाळी, मुलं झोपायच्या आधी, पाच मिनिटं आमची तळ्याकाठची जनावरं टीव्हीवर बोलायची, भांडायची आणि मुलांना झोपायला पाठवायची. त्यांचे आवाज सकाळीच एका खोलीत टेपवर घेतलेले असत. दुपारी ती टेप लावून आम्ही टेबलाखाली बसायचो आणि हात वर करून बाहुल्या हलवायचो. तोवर आवाजवाली मंडळी घरी गेलेली असत.

लुबर्टचा श्वास मला पाठ होता. पण त्याच्याशी समोरासमोर बोलणं कधी झालं नाही. एखाद्या दुपारी तो रेंगाळलाच, तर वाकून बाहुलीलाच विचारायचा, "काय काका, मान दुखतेय का आज?" आमच्याकडची रीतच तशी होती. हातात बाहुली असली की बाहुलीशी बोलायचं, खालच्या माणसाशी नाही.

बेडूक करणारा गेला. ससा करणारी गेली. कार्यक्रमाची प्रकाशयोजना बघणारा माझा नवरा, तोही गेला. पेपरात फोटो यायचा तो लुबर्टचा. बगळ्याच्या आत माझा, खेसिनाचा, हात होता, हे सांगू शकेल असा आता तो एकटाच उरला होता.

म्हणून त्याच्या मुलीचा, हेस्टरचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

"मावशी, बाबा कुणाशीच बोलत नाहीत हो. माझ्याशीसुद्धा नाही. बगळा आहे ना अजून तुमच्याकडे?"

"आहे. कपाटावर बसलाय."

"मग बुधवारी साडेदहाला या, कॉफीच्या वेळी. पण बाराच्या आत निघावं लागेल हं. बाबांच्या वृद्धाश्रमात पाहुण्यांना जेवण नसतं."

सायकलच्या पिशवीत बगळा घातला. त्याची मान बाहेर राहिली. कालव्याच्या कडेने वारा नेमका तोंडावर. रस्ता खणणारा एक जण ओरडला, "आजी, पाहुण्याला हेल्मेट तरी घाला!"

"त्याला पडायची भीती नाही," मी म्हटलं, "मला आहे."

वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात लुबर्ट खिडकीशी बसला होता. स्वेटरची बटणं नीट लावलेली, दाढी केलेली.

"केवढ्या वाकलात हो तुम्ही!" हेस्टर म्हणाली.

"तुझे बाबा बसलेत. मी अजून उभी आहे."

ती हसली आणि वडिलांकडे वळली. "बाबा, खेसिनामावशी आल्यात."

आपली नसलेली बस थांब्यावर आली की माणूस जसा बघतो, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा खिडकीबाहेर.

मी बगळ्यात हात घातला, टेबलापलीकडे खाली बसले आणि चोच वर काढली.

"उशीर केलास," लुबर्ट म्हणाला.

हेस्टरच्या हातातला चमचा खाली पडला.

लगेच दुसरा आवाज आला, नाकातला, चिडका, बगळेकाकांचा. तोही लुबर्टचाच. "वारा तोंडावर होता!" माझा अंगठा त्या शब्दांबरोबर हलला. अंगठ्याला सांगावं लागलं नाही.

"बेडूक कुठाय?"

"गेला," बगळ्याच्या आवाजात त्यानेच उत्तर दिलं.

"न सांगता?"

"त्याने कधी सांगितलंय काही?"

पलीकडच्या एका आजीबाईंनी खुर्ची वळवली. "अगोबाई, बगळेकाका! कित्ती मळलेत!"

सगळे हसले. लुबर्टही हसला. हीच वेळ, असं मला वाटलं. टेबलाला धरून मी उठले. गुडघे वाजले. बगळ्याच्या मानेशेजारी माझं डोकं वर आलं.

"लुबर्ट, मी खेसिना. हा हात माझा आहे. तेव्हाही माझाच होता."

त्याची नजर माझ्या खांद्यावरून बाहीवर आली, बाहीवरून कोपरापर्यंत उतरली, जिथे बगळ्याचं करडं कापड सुरू होतं. तिथे थांबली. हेस्टरने श्वास रोखला होता. मीही.

मग तो पुढे वाकला आणि त्याने हळूच, सभ्यपणे, बगळ्याला विचारलं, "काका, या बाई कोण?"

आणि उत्तरासाठी त्याने श्वास घेतला. तो मला ऐकू आला. अंगठा वर उचलला गेला.

"कोण जाणे," बगळेकाका म्हणाले. दोन्ही शब्दांवर चोच अगदी बरोबर उघडली आणि मिटली.

"बाबा, असं काय!" हेस्टर म्हणाली. "मावशी, मनाला लावून घेऊ नका."

"बोलले ना ते," मी म्हटलं.

तिने कॉफी दिली, एक बिस्कीट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. लुबर्ट पुन्हा खिडकीबाहेर बघत होता. बगळा माझ्या मांडीवर आडवा पडला होता, त्यामुळे बोलायला कुणी नव्हतं.

दारापर्यंत पोचवायला आलेल्या हेस्टरने विचारलं, "पुढच्या बुधवारी याल?"

"येईन," मी म्हटलं. "तेवढी एक उशी ठेव टेबलाखाली. फरशी फार गार आहे."