आपलं आणि पाहुणं

"हे कुणी उपटलं?" मी ओरडले, आणि ओरडता ओरडताच लक्षात आलं, की खालच्या वाफ्यात काल एकच माणूस बसला होता.

बाबा वर सावलीत पाणी पीत होते. बाटली ठेवून ते सावकाश खाली आले. माझ्या हातात कोवळ्या रोपांची मूठ होती, मुळांसकट, माना टाकलेली.

"पाहुणं आहे ते," ते म्हणाले.

"पाहुणं? अंगठा फिरवून बघा जरा! हे आपलं आहे, बाबा, सगळंच्या सगळं आपलं! आणि जे काढायचं ते ठेवलंत जागच्या जागी!"

त्यांनी एक रोप घेतलं, बुडाशी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग रोपाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "हो. आहे लव."

आमच्या टेकडीवर गवताच्या दोनच जाती. दगडाची खाण बंद पडली तेव्हा टेकडीचं अर्धं अंग सोललेलं होतं. त्यावर आधी घाणेरी माजली आणि घाणेरीखाली परदेशातून कुणीतरी चाऱ्यासाठी आणलेलं गवत. चार दिवसांसाठी आलं आणि जायचं नावच काढेना, म्हणून आम्ही त्याला पाहुणं म्हणतो. मूळचं, इथलं, ते आपलं. पाहुणं काढायचं आणि आपलं पुन्हा वाढवायचं, हेच आमचं काम. मोठी झाली की दोन्ही आंधळ्यालाही ओळखू येतील, पण बोटभर असताना जुळी भावंडं. तोच रंग, तीच रुंदी. फरक एवढाच, की पातं जिथे दांड्याला चिकटतं तिथे आपल्याला बारीक लव असते आणि पाहुणं गुळगुळीत. ती लव डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला कळते. आणि बाबांसारखा अंगठा टेकडीवर दुसरा नव्हता. आम्ही एका रोपाशी झटापट करेपर्यंत त्यांची दहा व्हायची, तीही आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशीची थट्टा करत, भलतीकडे बघत.

म्हणून तर माझं डोकं फिरलं. त्या वाफ्यातलं बी बाबांनीच सहा वर्षं वेचलं होतं, रेल्वेच्या रुळाकडेच्या हातभर पट्टीतून. दुसरीकडे ते गवत उरलंच नव्हतं. मागच्या वर्षी रूळ वाढवले आणि ती पट्टीही गेली. होतं नव्हतं ते सगळं बी त्या एका वाफ्यात होतं.

"लक्ष कुठे असतं तुमचं?" मी म्हणाले. "होत नसेल तर घरी बसा ना! कशाला दुसऱ्यांच्या कामाची माती करता?"

सहा माणसं खुरपी थांबवून बघत होती. मावशी हळूच म्हणाली, "अगं, बापाशी बोलतेयस."

"इथे मी मुकादम आहे," मी म्हणाले. काय तोरा होता माझा!

उपटलेली रोपं ओल्या पोत्यात घातली, पुन्हा लावली. झारी घेऊन बाबा मागे मागे पाणी घालत राहिले.

संध्याकाळी मी तडक आईकडे गेले. बाबा न्हाणीघरात होते. आई स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. मी धडाधडा बोलायला लागले, की नवऱ्याला जरा समजाव, कामात मन नाही त्याचं. आईने फडकं आपटलं.

"सगळ्यांसमोर बोललीस ना त्यांना?"

"मग काय आरती ओवाळू?"

"वर्ष झालं," आई म्हणाली, "त्यांच्या शर्टाची बटणं मी लावते. परवा तापल्या तव्यावर हात टेकला. कातडीचा वास मला आला स्वयंपाकघरभर, आणि ते तसेच उभे, माझ्याशी बोलत. बोटांत जीवच नाही गं त्यांच्या."

तिने आपटलेल्या फडक्याची मी उगाच घडी घातली.

"डॉक्टर म्हणाले, साखर असेल, ते औषध असेल, वय असेल. गेलं ते काही परत यायचं नाही. मला शपथ घातली होती. म्हणाले, मुकादमाला कळलं तर टेकडी सुटेल."

ते औषध. घाणेरी तोडली की तिच्या खुंटावर लगेच विषारी औषध चोपडावं लागतं, नाहीतर दुप्पट फुटते. ब्रश मोडले की बाबा चिंधी घ्यायचे आणि चिंधी संपली की बोटं. हातमोजे होते की! माझ्याच ताब्यात होती ती पेटी. "मोज्यातून झाड कळत नाही," असं ते म्हणायचे आणि मी ऐकून घ्यायचे, कारण त्यांच्याइतकी झुडपं दिवसात कुणी उरकत नव्हतं. मुकादम म्हणून मला ते बरंच होतं.

"मग वर्षभर निभावलं कसं?" मी विचारलं.

"वर मोठ्या गवतात काम मागून घ्यायचे. तिथे डोळ्यांवर भागतं. खालच्या वाफ्यात तूच बसवलंस ना त्यांना."

मीच बसवलं होतं. त्यांचं बी, मान त्यांचा, म्हणून. सगळ्यांसमोर, कौतुकाने. नाही म्हणायला त्यांना तोंडच ठेवलं नव्हतं मी.

न्हाणीघराचं दार वाजलं. बाबा बाहेर आले. शर्ट उघडाच होता. मला बघून त्यांनी तो दोन्ही हातांनी गच्च मिटून धरला.

गुरुवारी वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या बाई जगलेली रोपं मोजायला आल्या. त्यांनी लाकडी चौकट वाफ्यात टाकली, गुडघ्यांवर बसल्या, मोजलं. शेकड्यांनी पुन्हा लावलेल्यांतली अकरा जगली होती. अकरा! बाई नुसता चष्मा काढून पुसत राहिल्या. बोलायचं मलाच होतं.

"बाबा, उद्यापासून टेकडीवर यायचं नाही."

"रोपांच्या पिशव्यांत माती भरायला तरी?"

"त्याच्यातही तेच औषध, तीच खतं. हाताला जखम झाली तर तुम्हाला कळायची नाही."

"बरं," ते म्हणाले. खुरपं पँटला पुसून स्वच्छ केलं आणि मूठ माझ्याकडे करून दिलं. निघताना वळून म्हणाले, "मोजे घालत जा सगळे." मावशीने तोंडाला पदर लावला. मला तेवढंही जमलं नाही, मी मुकादम ना.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आईचा फोन. बाबा उजाडायच्या आधीच कुठेतरी गेलेत, शर्ट नुसता अडकवून. कुठे गेलेत हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

खाणीच्या फाटकातून बघितलं तर बाबा खालच्या वाफ्यात पालथे, कपाळ जमिनीला टेकलेलं. धावत सुटले. "बाबा! बाबा!"

त्यांनी मान वर केली. नाकाला माती, ओठांना माती. आणि हसत होते.

"अगं, ओठांना कळतं!" ते म्हणाले. "बघ, बघ." पुन्हा वाकले, एक पातं बुडाशी ओठांत धरलं, सोडलं. "हे आपलं." पुढचं धरलं. "हे पाहुणं." आणि ते बेतानं उपटून बाजूला टाकलं.

पहाटेपासून पायपुसण्याएवढी जागा निवडून झाली होती. शेजारी उपटलेल्यांचा लहानसा ढीग. मी एकेक उचलून अंगठा फिरवला. सगळं गुळगुळीत. एकही चूक नव्हती.

"वेळ लागतो," ते म्हणाले, "पण मला कुठे घाई आहे? रविवारी येईन, कुणाच्या अध्यातमध्यात नको. चालेल ना, मुकादम?"

चालेल म्हणावं असं इतकं वाटलं मला! पण वाफ्याच्या कडेच्या पाहुण्यावर आम्ही शुक्रवारी औषध मारलं होतं. वारा होता. मीच फवारा धरला होता.

"बाबा," मी म्हणाले, "परवा औषध मारलंय इथे."

ते थांबले. हातातलं पातं सोडलं. मग बाहीने ओठ पुसले, एकदा, दोनदा. हसू त्या बाहीबरोबर गेलं. मी झारी आणली. त्यांची हनुवटी धरून तोंडावर पाणी ओतलं, ओठ चोळले, चूळ भरायला लावली. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मी म्हणेन तसं करत राहिले. मला रडू आवरेना. "चुकलं माझं, बाबा," मी म्हणत होते, "सगळं माझंच चुकलं."

"अगं, हळू," ते खाली बघत म्हणाले. "पाय काढ आधी. टाचेखाली आपलं आहे."

मी पाय काढला.