मुठ्याची लेक

नानासाहेब दिघीच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष, हरिनाम सप्ताहाचेही अध्यक्ष, आणि जिथं अध्यक्ष नसतील तिथं प्रमुख पाहुणे. त्यांच्या हातात माईक गेला की परत येत नाही, ही गावातली जुनी गंमत. भाषण संपलं तरी माईक हातात, गळ्यात हार पडला तरी माईक हातात. पुढाऱ्याचा हात म्हणजे असायचाच असा, म्हणून लोक हसत आणि सतरंज्या गुंडाळायला लागत.

तनुजा त्यांची सख्खी पुतणी. मंडळाच्या मुलींच्या कबड्डी संघात डावा कोपरा ती सांभाळायची. तिनं घोटा धरला की चढाईला आलेल्या पोरीचा खेळ संपला. "आमचं रक्तच तसं हाय," नानासाहेब छाती काढून सांगायचे, "धरलं की सोडत न्हाई."

त्याच रक्ताच्या तिच्या बापाला, रंगरावांना, गाव 'मुठ्या' म्हणायचं. सप्ताहात त्यांच्याकडं प्रसाद वाटायचं काम असे. साखर-फुटाण्याची मूठ समोरच्या ओंजळीवर यायची आणि तिथंच थांबायची. "देतोस का नुसता दाखवतोस?" असं म्हणून लोक खिदळत. रंगराव ओशाळं हसून डाव्या हातानं उजव्याची बोटं उलगडत. पुढं त्यांच्याकडून परात काढून घेतली. देवाच्या दारातसुद्धा चिकटपणा करणारा माणूस, हीच कीर्ती घेऊन ते गेले.

जानेवारीत दापोडीला सामना होता. सकाळची कडाक्याची थंडी, अंग गरम व्हायच्या आतच पहिली चढाई. करिष्मा नावाच्या पोरीचा घोटा तनुजाच्या हाती लागला. शिट्टी झाली. करिष्मा म्हणाली, "सोड." पंच ओरडले, "सोडा." मूठ काही उघडेना. करिष्मानं जीव खाऊन हिसका दिला आणि तिच्या घोट्याचं लिगामेंट फाटलं. मैदानानं तिथल्या तिथं निकाल लावला, पोरगी खुनशी आहे. कालपर्यंत ज्या पकडीचे व्हिडिओ फिरत होते, तीच पकड आता शिवीगाळीसकट फिरू लागली.

आई, छबूबाई, तिला पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याच्या बुडाशी छोटी हातोडी टककन मारली. अंगठा तळहातावर आडवा झाला आणि आडवाच राहिला. मग यंत्राला जोडलेली सुई दंडात खुपसली, तर त्यातून आवाज आला, दुचाकीची मूठ पिळून सोडावी तसा चढत जाऊन विरणारा.

"हा फार थोड्यांना होणारा स्नायूंचा आजार आहे," बाई म्हणाल्या. "ताकद भरपूर आहे तुझ्यात. आवळलेला स्नायू सैल व्हायला मात्र वेळ लागतो. जन्मापासूनचं आहे हे, घराण्यातून येतं. गोळीनं बराच फरक पडेल. पण कबड्डी नको. शिट्टीनंतर दुसऱ्याचा पाय तुझ्या हातात राहणार असेल तर नकोच."

छबूबाईंनी एवढंच विचारलं, "म्हंजे ह्यांची मूठबी त्यातलीच व्हती?" आणि बाकड्यावर बसून राहिल्या. नवऱ्याला चिकट म्हणून त्यांनीही कमी ऐकवलं नव्हतं.

नानासाहेबांनी रिपोर्टाकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या पोराची, जयदीपची, सोयरीक ठरत होती.

"घराण्यात रोग हाय म्हणून दवंडी पिटायची का?" ते म्हणाले. "कबड्डी संघटनेच्या सुनावणीत सांग, राग आला म्हणून धरून ठेवला. माफीनामा लिवून ठेवलाय, सही कर. सहा म्हैने बंदी, मग परत खेळ."

"काका, परत कुनाचा पाय मोडला तर?"

"मोडू दे. कबड्डी हाय, भोंडला न्हाई."

"आन् मी खुनशी, हे चालंल तुमाला?"

"खुनशी पोरीचं लगीन व्हतं, तनुजा. रोगी पोरीचं व्हत न्हाई. आन् तिच्या भावाचंबी व्हत न्हाई."

गोरगरिबाच्या पोरीचा पाय जाणूनबुजून मोडला, हे या घराच्या अब्रूत बसत होतं. स्नायू सैल होत नाही, हे बसत नव्हतं. सप्ताहात रोज संध्याकाळी बुवा जीव तोडून सांगत की दंभ सोडा. पहिल्या रांगेत नानासाहेबांची मान टाळाच्या ठेक्यात डोलायची, आणि कीर्तन संपलं की बुवांना गाडीपर्यंत पोचवायला तोच दंभ फेटा बांधून जायचा.

सुनावणी ऐन सप्ताहात आली, पिंपरीत, संध्याकाळी पाचला. त्या दिवशी दुपारी दोन ते तीन वीणेचा पहारा तनुजाकडं होता. सप्ताहभर वीणा जमिनीला टेकवायची नसते, एकानं दुसऱ्याच्या हाती द्यायची. पहाऱ्यांची वाटणीही मोठी भक्तिभावाची होती. आरती आणि माईक गावकऱ्यांना, भर उन्हाचे नि पहाटेचे तास बाहेरून आलेल्यांना, आणि दापोडीनंतर तनुजालाही. तीनच्या पहाऱ्याला शालनबाई होत्या. परभणीकडच्या, चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या. तनुजा खांबाला पिशवी टांगून उभी होती. पिशवीत दोन कागद होते, रिपोर्ट आणि बिनसहीचा माफीनामा.

तीन वाजले. शालनबाईंनी वीणेला हात लावून नमस्कार केला आणि हात पुढं केले. तनुजा वीणा द्यायला गेली, पण मूठ दांडीवरच राहिली. शालनबाई थांबल्या. मागच्या बायका माना उंच करून बघू लागल्या. लाज वाटली तसं अंग आखडलं आणि मूठ आणखीच घट्ट झाली.

"अगं बाई, सुटंना," कुणीतरी म्हणालं. "देवानंच धरलाय हात."

एवढं पुरलं. एक म्हातारी तनुजाच्या पायाशी वाकली, तिच्यामागं दुसरी. कुणी मोबाईल काढला. दापोडीत खुनशी ठरलेली पोरगी दिघीत पाच मिनिटांत संत झाली. नानासाहेब लगबगीनं व्यासपीठावरून खाली आले, माईक घेऊनच.

"मंडळी, बगा," कर्ण्यांतून आवाज घुमला. "आमच्या घराण्यावर देवाची कृपा. वीणा हात सोडंना. असली भक्ती ह्या काळात बगाया मिळती का?"

"सुटंल माय सावकाश," शालनबाई तनुजाला हळूच म्हणाल्या. "मला घाई नाही. शिफ्ट रात्रीची आहे."

तनुजा म्हणाली, "काका, माईक द्या."

पोरगी दोन शब्द बोलणार म्हणून नानासाहेब खूश झाले. त्यांनी हात पुढं केला, पण माईक सोडला नाही. मंडपात हशा पिकला. "नाना, आज तरी सोडा की राव," मागून एक जण म्हणाला. नानासाहेबही हसले. मात्र उपरण्याआड त्यांचा डावा हात उजव्या हाताची बोटं एकेक करून उचकटू पाहत होता.

ती उचकटणी तनुजाच्या ओळखीची होती. बापाची तीच, तिचीही तीच. इतकी वर्षं नानासाहेब हात मिळवत नव्हते, लांबूनच नमस्कार करत होते, आणि गाव त्याला संस्कार म्हणत होतं. तिनं काकाच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं अध्यक्ष नव्हता, घाबरलेला म्हातारा होता.

ती त्यांच्या हातातल्याच माईकवर वाकली.

"हा चमत्कार न्हाई," ती म्हणाली. "मला स्नायूंचा आजार हाय. आवळलेली मूठ लगेच उघडत न्हाई. दापोडीच्या करिष्माचा पाय मी रागानं धरून ठेवला न्हवता, मला सोडता आला न्हाई. माझ्या बापालाबी प्रसाद सोडता येत न्हवता. त्यांना मुठ्या म्हननारी समदी हितंच बसलीत, म्हणून हितं सांगितलं."

काकाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

पायाशी वाकलेली म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली आणि पदर सावरत जरा लांब जाऊन बसली. आजारी माणसाच्या पाया पडून पुण्य मिळतं की नाही, याची तिला खात्री नसावी. मोबाईल खाली गेले. बोलून मोकळी झाली तशी तनुजाची बोटं सैल पडत गेली.

"झालं ना? आण इकडं," म्हणत शालनबाईंनी वीणा खांद्याशी घेतली आणि तार छेडली.

तनुजानं पिशवी उतरवली. माफीनामा काढून काकाच्या रिकाम्या डाव्या हातात दिला. त्यांच्या कानाशी जाऊन ती म्हणाली, "जोर लावू नका. जेवढा लावाल तेवढी आवळती. हळूहळू बोटं हलवा, सुटंल. आन् येत्या सोमवारी माझ्याबरोबर डाक्टरीणबाईकडं चला."

मग ती पिंपरीच्या बससाठी निघाली. माईक चालूच होता. बसथांब्यापर्यंतच्या सगळ्या कर्ण्यांतून वीणेच्या तारेबरोबर नानासाहेबांचा श्वास ऐकू येत होता, आणि नाना आता काय बोलतात याची सगळी दिघी वाट बघत होती.