ऑरिनच्या पाठीमागची सीट

"कळ दाबली की टक्, जागेवर बसली की टक्. दोन्ही वेळा आवाज यायला हवा. ऐक," असं म्हणून ऑरिन हॉगनने दुकानातली ती लहान मुलांची, गाडीत बसवायची फिरती सीट अकराव्यांदा फिरवली.

तो लहान मुलांच्या स्टुलावर बसला होता. सहा फूट चार इंचांचा माणूस, त्यात उजवा गुडघा ऑपरेशननंतर वाकेनासा झालेला. तो पाय त्याने वाटेत सरळ पसरला होता आणि गिऱ्हाइकं तो ओलांडून जात होती. हातात भिंग धरून त्याने सीटच्या खालचं लेबल ओळ न् ओळ वाचलं होतं.

"आपल्याला सीट विकत घ्यायची आहे, ऑरिन. खोलून दुरुस्त नाही करायची," मार्लिस म्हणाली.

"कशी चालते ते कळल्याशिवाय एकही वस्तू मी घरात आणलेली नाही."

"मला आणलंस की."

"ते अजून कळतंय."

मार्लिस हसली, पण तिचा हात डाव्या खांद्यावर गेला. सगळं त्या खांद्यापाशीच अडलं होतं. गुरुवार-शुक्रवार दोन वर्षांचा नातू, एमेट, त्यांच्याकडे असे. त्यांची मुलगी केर्स्टन इस्पितळात नर्स होती. गेल्या महिन्यात एमेटला गाडीत बसवताना, मूल उचलून अंग पिळवटून मागच्या सीटमध्ये ठेवताना, मार्लिसच्या खांद्यात कळ आली आणि पोर हातातून निसटलं. खाली भुसभुशीत बर्फ होता, एमेट खिदळला. पण केर्स्टनने खिडकीतून पाहिलं. ती रागावली नाही, हेच वाईट. शांतपणे म्हणाली, "आई, तुला झेपत नसेल तर मी त्याला डुलूथ शहरातल्या पाळणाघरात घालते." आणि ऑरिनच्या हातात मूल द्यायचं, तर बर्फात त्याच्या पायाचा भरवसा कोण देणार? त्या दोन दिवसांवर नवरा-बायकोचे बाकीचे पाच निभत होते.

म्हणून ही फिरती सीट. दाराकडे वळवायची, मूल समोरून अलगद बसवायचं, पट्टे लावायचे, वळवायची. मार्लिसने एका हाताने करून बघितलं. जमलं.

"आणि मग अशी," ऑरिनने सीट पुढे तोंड करून टक् केली. "पोराला रस्ता दिसायला पाहिजे."

एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या माणसाशी या बाबतीत वाद कोण घालणार? सीट घेतली.

शनिवारी सकाळी गावातल्या अग्निशमन केंद्रात मुलांच्या सीट तपासून देत. बंबाशेजारी मार्लिसने गाडी लावली. केर्स्टन एमेटला घेऊन आधीच आली होती. हाताची घडी घालून उभी होती, परीक्षकासारखी. तपासायला रेनी होती, तिशीतली, अग्निशमन दलाच्या जाड विजारीतली.

"मिस्टर हॉगन! चौदा नंबरच्या बसमध्ये मला सारखं पुढे बसवायचात, आठवतं?"

"तू मागे च्युइंगम चिकटवायचीस."

"ती माझी बहीण होती हो! सहा वर्षं तिची शिक्षा मी भोगली."

"मग तेव्हाच सांगायचं," ऑरिन म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले.

रेनीने हात मागे बांधले. "मी सीटला हात लावणार नाही. सगळं तुम्हीच करायचं. गुरुवारी मी थोडीच असणार आहे बरोबर?"

सीट जड होती. ती ऑरिनने आत ठेवली, मार्लिसने खालचे पट्टे आवळले. फुटपाथकडच्या बाजूला, म्हणजे पुढे ऑरिन बसे त्याच्या बरोबर मागे. दुसऱ्या बाजूचं दार केर्स्टनच्या घरासमोर थेट हमरस्त्यात उघडे आणि तिथून लाकडाचे ट्रक जात. मग ऑरिनने मोठ्या ऐटीत सीट पुढे तोंड करून वळवली.

"अंहं," रेनी म्हणाली. "गाडी चालताना तोंड मागेच. ती फिरते ती फक्त दाराकडे, मूल ठेवायला आणि काढायला. एमेटच्या वयाला पुढे तोंड नाही."

"एकतीस वर्षं मी पोरं पुढे तोंड करूनच नेली. पट्टासुद्धा नव्हता."

"तुमची बस केवढी! या छोट्या गाडीला करकचून ब्रेक लागला तर याचं डोकं पुढे जाणार, आणि मान बघा केवढीशी. मागे तोंड असलं की सगळा धक्का सीटची पाठ घेते."

ऑरिनने थोडा विचार केला. हाताच्या पंजावर मूठ आपटून बघितली, आधी अशी, मग तशी. "बरोबर आहे," तो म्हणाला. "पण हे लेबलवर नव्हतं."

"दुसऱ्या बाजूला आहे."

केर्स्टनला हसू आवरेना. ऑरिनने निमूटपणे सीट मागे वळवायला घेतली. अर्धी फिरली आणि अडली. पुन्हा जोर लावला, पुन्हा अडली.

रेनीने वाकून बघितलं. "पुढची सीट अगदी मागे आलीय. ती पुढे घ्यावी लागेल, चांगली वीतभर."

वीतभर पुढे घेतलेल्या त्या सीटवर ऑरिनचा न वाकणारा पाय मावणार नव्हता, हे घरातल्या तिघांनाही कळलं.

"आपण साधी घेऊ," केर्स्टन म्हणाली. "नाहीतर... पाळणाघर तसं चांगलं आहे, आई."

मार्लिसने ऑरिनकडे न बघता विचारलं, "गुरुवार-शुक्रवार तू घरी थांबशील?"

ऑरिनला ते लागलं. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांमुळे त्याचं लायसन्स गेलं. हातभर अंतरावरचं दिसे, त्यापुढे सगळं धुकं. पण जित्याची खोड! तो मार्लिसच्या शेजारी बसून चौकाचौकात सांगे, "डावीकडे मोकळं आहे, चल." ती सीट म्हणजे त्याच्या लेखी अजून नोकरीच होती. तो गाडीच्या छतावर हात ठेवून उभा राहिला.

"मार्लिसच्या मागे कोण बसतं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही," रेनी म्हणाली.

"ही पाच फुटांची. सीट स्टिअरिंगला चिकटवून बसते. तिच्या मागे माझे दोन्ही पाय मावतील."

"आणि मग चौकात मला कोण सांगणार?" मार्लिस म्हणाली.

"मला लांबचं काही दिसत नाही, मार्लिस. दोन वर्षं झाली."

"माहीत आहे."

"मग माझं ऐकायचीस कशाला?"

"तू सांगितलंस की मला बरं वाटायचं," ती म्हणाली. "मी बघत होतेच की माझी माझी."

ऑरिन खाली वाकला. पुढच्या सीटखालचा दांडा त्याने चाचपून शोधला, ओढला आणि सीट स्वतःच पुढे ढकलली. इतके दिवस न हललेली ती किरकिरत सरकली. त्याला एकदम पोरकं वाटलं, सत्तरीच्या माणसाला वाटू नये तसं.

मग मार्लिसने एमेटला घेतलं. "कोट काढा त्याचा," रेनी म्हणाली, "जाड कोटावरून पट्टा आवळला तर तो सैलच राहतो." कोट निघाला, एमेटने टाहो फोडला. मार्लिसने त्याला दाराकडे वळवलेल्या सीटवर समोरून बसवलं, पट्टे लावले, वर घोंगडी टाकली आणि एका हाताने सीट मागे वळवली. टक्. खांदा दुखला नाही. तिने पुन्हा वळवून बघितली, उगीचच.

केर्स्टनने वाकून पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सरळ उभी राहिली.

"तळ्यापर्यंत एक फेरी मारून या," ती म्हणाली. "मी इथेच थांबते."

ऑरिन गाडीला वळसा घालून मार्लिसच्या मागे बसला. पाय मावला. गाडी हलली. समोर मार्लिसचे पांढरे केस आणि पुढे नेहमीचं धुकं. शेजारी एमेटचं तोंड त्याच्याकडे, हातभर अंतरावर. गालावर सुकलेलं पाणी, वरच्या ओठावर शेंबूड, सगळं लख्ख. एमेट मागच्या काचेतून बाहेर बघत होता. त्याने बोट दाखवलं.

ऑरिनने मान वळवून पाहिलं. नुसतं करडं.

"काय दिसतंय रे?" त्याने विचारलं.

"लाल गाडी. मोठ्ठी."

"आणखी?"

"आई."

"ती काय करतेय?"

एमेटने नीट बघितलं. "हात," तो म्हणाला, आणि ऑरिनने मागच्या काचेकडे तोंड करून हात हलवला.