माझ्यातलं जिवंत पाणी

मित्रांनो, मी माकणीच्या शिवारातल्या एका शेततळ्याच्या काठावरचं जुनं निळं पिंप आहे. उन्हानं माझा रंग उडालाय, झाकणाचा कानही तुटलाय. पण माझेही चांगले दिवस होते आणि ते आठवले की अजून भरून येतं.

तळ्याचे मालक बाबामियाँ यांनी तळ्यात झिंगे सोडले तेव्हा मला आणलं. माझ्यात ते गुळाचं पाणी करत आणि त्यात उपयोगी जिवाणूंची पूड कालवत. रात्रभर माझ्या पोटात फसफस चाले. सकाळी ऊन वर आलं की ते आंबूस पाणी तळ्यात सोडत. तळाशी साचलेलं उष्टं खाद्य आणि घाण ते जिवाणू खाऊन टाकत, पाणी चांगलं राही आणि झिंगे टवटवीत दिसत. लोक मात्र हसायचे. "बाबामियाँ झिंग्यांला ताक पाजतेत," म्हणायचे. मला राग यायचा, पण पिंपाला बोलता कुठं येतं!

एका संध्याकाळी शेजारच्या मळ्यातल्या गंगम्मा कळशी घेऊन आल्या आणि माझ्याजवळ घुटमळत राहिल्या.

"नसीमबी, दिवे लागल्यावर विरजण मागू नये म्हणतेत. पर आमच्या तळ्याला लई वास सुटलाय. झिंगे खाद्याला तोंड लावंनात."

बाबामियाँच्या बायको, नसीमबी, हसल्या. "झिंग्यांला दिवेलागण कळती व्हय? धरा कळशी फुडं."

हळूहळू गंगम्मांच्या तळ्याचा वास गेला, झिंगे खाऊ लागले. मग मात्र शिवारात माझा भाव वधारला.

पुढं बाबामियाँ वारले. तळं कोरडं पडलं आणि माझी रवानगी काठावरच्या बाभळीखाली झाली. कोळ्यांनी माझ्यात जाळी विणली. परवा बाबामियाँचा मुलगा समद तणनाशक कालवायला बाटली घेऊन माझ्यापाशी आला.

"समद, इसमें नक्को रे," नसीमबी म्हणाल्या.

"अम्मी, खालीच तो है."

"खाली है, पन तेरे अब्बा ने इसमें जीव पाले."

बाटलीचं बूच उघडलेलं होतं. माझा जीव टांगणीला लागला. एकदा ते विष माझ्या अंगात मुरलं असतं, तर पुन्हा माझ्यात काही जिवंत वाढलं नसतं. समद बराच वेळ वाकून आत पाहत राहिला. मग त्यानं बूच घट्ट लावलं आणि दुसरी बादली आणायला गेला. नसीमबींनी ओढणीच्या टोकानं माझी कड पुसली.

मित्रांनो, भांडं रिकामं दिसलं म्हणून त्यात काहीही ओतू नका. घरातल्या मोठ्यांना आधी विचारा, यात पूर्वी काय वाढत होतं.