वाटेवर बांधलेली झावळी

सोमवारी सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना माझ्या तोंडाशी नारळाची एक झावळी बांधली गेली. तेव्हापासून मी उघडी की बंद, हेच मला समजेनासं झालं.

मी एक वाट बोलतेय. प्रशांत महासागरातल्या नियुए बेटावरच्या एका गावामागून समुद्रापर्यंत उतरणारी वाट. आमचं बेट म्हणजे एक मोठा चुनखडीचा सपाट दगड. वर गावं, जंगल, तारोची म्हणजे अळूच्या कंदाची शेतं, आणि कडेला आलं की एकदम खाली पाणी. वाळूचा किनारा आमच्याकडे नाहीच. ज्याला समुद्र हवा त्याला वाट हवी. म्हणून इथे प्रत्येक गावाला आपली एक वाट असते.

माझा जन्म कधीचा, मला सांगता येणार नाही. आधी बायका शिंपले गोळा करायला उतरायच्या, त्यांच्या पायांनी मी झाले. मग पुरुषांनी पहारी आणल्या. कपारीत सत्तावीस पायऱ्या फोडल्या आणि धरायला दोर बांधला. शेवटी एक लाकडी शिडी लावली, ती थेट पाण्यालगतच्या खडकावर उतरते. शिडीच्या वर एक गुहा आहे, तिथे होड्या ठेवतात. दोन्ही अंगांना सुरीसारखे धारदार दगड. कुणाचा पाय घसरला की माझाच जीव वरखाली होतो. इतकी वर्षं झाली तरी मला त्याची सवय झाली नाही.

माणसं उतरताना गप्प असतात आणि चढताना बोलतात, हे मी कायम पाहिलंय. दहाव्या पायरीला सगळ्यांना धाप लागते. पण धाप लागली असं कुणी म्हणत नाही. तिथे थांबून सगळे समुद्राकडे बघतात आणि म्हणतात, "काय छान दिसतंय आज!" रोज तेच दिसतं. मी काही बोलत नाही.

एके काळी गुहेत अकरा होड्या होत्या. मग विमानं सुरू झाली आणि घरंच्या घरं न्यूझीलंडात, ऑकलंडला गेली. जाताना सगळे म्हणायचे, दोन वर्षांत येतो. एका वादळात माझी शिडी गेली, खालच्या चार पायऱ्याही गेल्या. नवी शिडी लिगीनं लावली. माझ्या तोंडाशी जे पहिलं घर आहे ते त्याचं. आता गुहेत तीन होड्या आहेत, त्यातली एकच भिजते, लिगीची. तो नसता तर मी कधीच नेच्यांच्या रानाखाली गाडली गेले असते.

त्याची बायको फिसा. त्यांची मुलगी लोसा, अडीच वर्षांची. ही पोर चालत नाही, पळतेच. त्या सोमवारच्या आदल्या दिवशी सगळे चर्चहून येऊन जेवत होते, आणि ही एका पायात चप्पल घालून एकटी माझ्यावर आली. पहिलं वळण ओलांडून एका खेकड्यासमोर उकिडवी बसली. पुढे तीन हातांवर कडा. माझ्याजवळ हात असते तर! फिसा धावत आली, तिनं पोरीला उचललं आणि किती तरी वेळ तशीच छातीशी धरून उभी राहिली. ती रडलीही नाही. घरी तिनं कुणाला सांगितलं नाही. लिगी म्हणाला असता, तुझं लक्ष कुठे होतं? तिचं तिलाच तसं वाटत होतं, त्यात आणखी त्याच्या तोंडून कशाला ऐकायचं?

सोमवारी लिगी अंधारातच तारोच्या शेतावर गेला. फिसानं स्वयंपाकघरामागची एक कोवळी झावळी तोडली आणि माझ्या तोंडाशी दोन झाडांमध्ये बांधली. खाली, लोसाच्या छातीएवढ्या उंचीवर.

दोरी का नाही बांधली, असं तुम्ही विचाराल. आमच्याकडे वाटेवर झावळी बांधली की वाट बंद. कलोआमा नावाचे छोटे मासे डिसेंबरात खडकालगत येतात, तेव्हा गावचे म्हातारे झावळी बांधतात. मग मार्चपर्यंत कुणी होडी काढत नाही, खाली उतरत नाही, मोठ्यानं बोलतसुद्धा नाही. कोणी बांधली, का बांधली, असं विचारायची पद्धत नाही. रांगणारं पोरसुद्धा झावळी दिसली की मागे फिरतं. फिसाला वाटलं, लोसाही फिरेल. आणि मोठ्यांची झावळी असते उंच आणि दुहेरी. ही एवढीशी, गुडघ्याला लागणारी. ही बाळासाठी आहे हे आंधळ्यालाही कळेल.

सातच्या सुमारास तोगिया आजोबा टोपली घेऊन आले. बंदी घालणाऱ्या दोन म्हाताऱ्यांपैकी ते एक. झावळी बघून थबकले, ही दुसऱ्या म्हाताऱ्याचीच समजून स्वतःशीच हसायला लागले.

"इकिपा, लेका, हात वर जात नाहीत म्हणून गुडघ्याला बांधलीस होय? आणि ही काय गाठ? माझी म्हातारी केसांना बरी बांधते!"

मग त्यांनी ती सोडली. दुसरी ताजी झावळी आणली, दोन्ही एकत्र करून उंचावर पक्क्या बांधल्या, आणि रिकामी टोपली घेऊन परत गेले.

दहा वाजता इकिपा आजोबा आले. ते बंदी घालणारे दुसरे. त्यांनी गाठ निरखली.

"तोगियाची गाठ. ऑक्टोबरातच? आणि मला न विचारता? बरं. ठीक आहे. मोठा माणूस झाला."

तेही गेले. शनिवारपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, ही तुमची कुणाचीच नाही! पण माझं कोण ऐकतंय?

दुपारी फिसा कपडे वाळत घालायला आली आणि तिला वरची झावळी दिसली. स्वतःची खालची दिसेना. तिला वाटलं, म्हाताऱ्यांनी खरी बंदी घातली आणि माझी काढून टाकली. तिनं मोठा श्वास सोडला. मार्चपर्यंत पोर सुरक्षित! मी तिचा चेहरा पाहिला. एवढं निवांत मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मग तो चेहरा जरा उतरला. संध्याकाळी नवऱ्याला काय वाटेल, हे तिच्या ध्यानात आलं असावं.

बुधवारी काठ्या टेकत फिरणारे दोन परदेशी पाहुणे आले. त्यांना वाटलं, वाऱ्यानं फांदी लोंबकळतेय. खालून वाकून गेले, पोहून आले, वर येताना बाईनं ओला टॉवेल झावळीवरच पिळला. म्हणजे ज्यांची मी आहे त्यांना बंद, आणि ज्यांची नाही त्यांना उघडी. आता मी स्वतःला काय समजायचं?

गुरुवारी संध्याकाळी लिगी माझ्या तोंडाशी येऊन उभा राहिला. फिसा मागून आली, लोसा तिच्या कडेवर.

"उद्याच्या विमानानं ऑकलंडला जातो," तो म्हणाला. "तुझा भाऊ कधीपासून म्हणतोय, गोदामात जागा आहे. दरवर्षी म्हणायचो, एक हंगाम बघू. आता कसला हंगाम? मार्चपर्यंत काय करू, तारोची पानं मोजत बसू?"

"डिसेंबरात तर दरवर्षी बंदीच असते," फिसा म्हणाली.

"तीन महिने निघतात गं. पाच महिने नाही निघत. आणि हे असंच वाढत जाणार. म्हातारे दोघंही बोलायला तयार नाहीत. ऑक्टोबरात कलोआमा कुणी पाहिलेत का? कुणीच नाही! तरी बंद."

"विचार ना त्यांना."

"असं कुणी विचारतं का? तू विचारशील?"

तिनं लोसाला दुसऱ्या कडेवर घेतलं. तो जरा हसून म्हणाला, "तुझं तर बरंच झालं. रोज पहाटे मी होडी काढली की तुझा जीव टांगणीला लागतो म्हणतेस ना? आता झोप खुशाल."

"विमान काय खाली पडत नाही का?" फिसा म्हणाली. तेवढ्यानं दोघं हसले. लोसाही हसली, का ते तिला ठाऊक नव्हतं.

होडी तिथून पन्नास पावलांवर होती. निरोप घ्यायलासुद्धा तो झावळीखालून गेला नाही. असा माणूस. हात लांब करून माझ्या पहिल्या दगडावरचा पाचोळा त्यानं बाजूला सारला आणि घरात गेला.

शुक्रवारी विमान माझ्या डोक्यावरून गेलं.

शनिवारी सकाळी दोन्ही म्हातारे नेमके एका वेळी आले. फिसा दोरीवरचे कपडे काढत होती.

इकिपा आजोबांनी तोंड उघडलं. "झालं समाधान? ऑक्टोबरात बंदी! मासे काय तुला पत्र पाठवून येतात?"

"मला? मी फक्त तुझी गाठ सुधारली! गुडघ्याला बांधून गेला होतास, म्हटलं गावात हसं नको तुझं."

"माझी गाठ? मी सोमवारी दहाला आलो, तेव्हा ही अशीच होती!"

"मग खालची कुणी बांधली?"

दोघंही गाठीकडे बघत राहिले. तेवढ्यात फिसा कपड्यांचा गठ्ठा पोटाशी धरून पुढे आली. मान खाली.

"आजोबा, ती मी बांधली होती. लोसा कड्याकडे जाते म्हणून."

आधी तोगिया आजोबा हसले, मग इकिपा आजोबा. हसता हसता दोघांना खोकला लागला, एकमेकांची पाठ थोपटायची पाळी आली. "सहा दिवस गाव एका पोरीची झावळी पाळतंय रे!" मग एकदम दोघं थांबले. फिसाच्या मागचं दार त्यांना दिसलं. त्या दारात लिगी नव्हता.

पुढे झाला वाद. इकिपा आजोबा म्हणाले, घातलीच नाही ती बंदी उठवायची कशी? तोगिया आजोबा म्हणाले, सगळ्या गावानं पाळली म्हणजे खरीच. शेवटी दोघांनी टोप्या काढल्या, छोटी प्रार्थना म्हटली आणि झावळ्या सोडल्या. कुणीही न घातलेली बंदी रीतसर उठली. दुपारी दोघांनी मिळून फिसाच्या अंगणाला फळ्यांचं फाटक ठोकून दिलं, वर कडी, लोसाचा हात पोचणार नाही अशी. जाताना तोगिया आजोबा म्हणाले, "पोरी, नवऱ्याला तूच सांग. आम्ही कुणाला बोलणार नाही."

त्याला आता तीन आठवडे झाले.

तिनं अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी लिगीचा फोन येतो. ती माझ्या पहिल्या दगडावर बसून बोलते, म्हणून मला सगळं ऐकू येतं. तिकडे थंडी फार आहे, गोदामाला खिडकी नाही, तारो मिळतो पण चव नाही. मग दर वेळी शेवटी तो विचारतो, "आणि वाट?"

"आहे अजून तशीच," ती म्हणते.

तशीच म्हणजे कशी? खोटं तर ती बोलली नाही, पण तिकडे त्याला काय ऐकू जात असेल ते मला माहीत आहे. त्याच्या रागाला भिते का ती? की खरंच आता तिला पहाटे झोप लागते? पण झोप लागत असती तर उजाडायच्या आधी ती एकटी कड्यापर्यंत येऊन रिकाम्या समुद्राकडे कशाला बघत बसली असती? मी रोज तिची पावलं मोजते. जाताना जड, येताना त्याहून जड. तिला तो इथे हवा आहे की समुद्रापासून लांब हवा आहे, हे मला कळत नाही. मला वाटतं, तिलाही कळत नाही. मी तिला नावं ठेवत नाही. कुणाचा पाय घसरेल या भीतीनं मी स्वतः किती वर्षं काढलीत.

पण होडी वाळतेय. तिला बारीक चीर पडलीय, फिसानं वर पानं टाकली तरी. शिडीचं तिसरं लाकूड हलतंय. दहाव्या पायरीवर शेवाळ धरलंय, कारण तिथे थांबून समुद्राचं कौतुक करणारं फारसं कुणी उरलं नाही. आणि डिसेंबर जवळ आलाय. एकदा का खरी झावळी बांधली की मग खरोखरच मार्च.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणी ऑकलंडला जाणार असेल, किंवा जाणारं कुणी ओळखीचं असेल, तर लिगीला शोधा. बिनखिडकीच्या गोदामात आहे तो. झावळी कुणी बांधली ते सांगू नका, फिसाचं नाव तर मुळीच काढू नका. ते तिचं तिला सांगू दे, सांगायचं तेव्हा. तुम्ही एवढंच सांगा, की वाट मोकळी आहे. त्याला भेटता आलं नाही तर जो भेटेल त्याला सांगा, तो पुढच्याला सांगेल. वाट मोकळी आहे म्हणावं.