पाचवा हात

बैठकीचं इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईला तोंड नसतं, फक्त हात असतो. माझ्यासारख्या फटकळ बाईला हे काम कुणी दिलं, देव जाणे.

आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते. पंपांची कवचं आमच्याच फाउंड्रीत ओततात आणि आमचे हे तिथे एकोणीस वर्षं मोल्डर आहेत, वाळूचे साचे भरतात. तीन वर्षांपूर्वी कंपनी बुडायला आली, तेव्हा सरकारने हात दिला. पण आधीसारखं नुसतं अनुदान नाही. बदल्यात मालकीचा पाचवा हिस्सा घेतला आणि संचालक मंडळावर आपला एक साहेब बसवला.

तेव्हा घरी आमची चांगलीच जुंपली होती. मी म्हटलं, बरंच झालं. आपल्या कराचा पैसा किती दिवस फुकट वाटायचा? सरकार भागीदार असलं तर मालकाचा कान तरी धरेल. ह्यांचं म्हणणं वेगळं. पैसा द्यावा, माणसं काढणार नाही असं लिहून घ्यावं, हिस्सा कशाला? सरकार मालक झालं की तेही मालकासारखंच बोलणार. तुम्हाला मेलं कशातच चांगलं दिसत नाही, असं म्हणून मी विषय संपवला होता.

काल बैठक झाली. विषय एकच: फाउंड्री बंद करून कवचं बाहेरून विकत घ्यायची का. मालक आणि त्यांचा चुलतभाऊ बंद करा म्हणाले. बँकेचा माणूस आणि जुने इंजिनिअर नको म्हणाले. राहिले सरकारी साहेब. माझा जीव टांगणीला लागला होता, पण मनात म्हटलं, घाबरतेस काय, हा तर आपला माणूस.

साहेबांनी चष्मा पुसला आणि फाउंड्री बंद केली तर नफा कधीपासून वाटता येईल ते विचारलं. पुढच्या वर्षापासून, मालक म्हणाले. साहेबांनी बंद करण्याच्या बाजूने हात वर केला.

माझं पेन थांबलं. इतक्या वर्षांत केलं नव्हतं ते केलं, मध्येच बोलले.

“साहेब, इथल्या माणसांच्या चुली पेटत्या राहाव्यात म्हणूनच पैसा दिला होता ना?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

“तेव्हा मदत करायची होती, बाई. आता लोकांचा हिस्सा माझ्या हातात आहे, तो वाढवणं माझं काम. हाच नफा उद्या दवाखान्यांना लागेल.”

खोटं असतं तर तोंडावर सांगितलं असतं. मी लिहिलं, तीन विरुद्ध दोन, ठराव मंजूर, फाउंड्री महिनाअखेर बंद. लिहिणाऱ्याची सही लागते, ती केली.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. आता ऐकवतील, ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ पण नाही ऐकवलं. काडीने नखांतली काळी वाळू काढत बसले. काढता काढता म्हणाले, “म्हणजे सरकारच्या हिश्शात आपलाही वाटा आला की.”

“आला,” मी म्हटलं.

“मग मालकाने काढलं असं कुणाला सांगू नकोस. मीच मला काढलं.”

हे हसायला गेले, पण जमलं नाही. मला रडू आवरेना. सकाळी डबा करू का, एवढंच कसंबसं विचारलं.

महिनाअखेरपर्यंत कर, म्हणाले.